काळी लोकर, मोरपीस आणि बिननेढ्याचा गळ

या धाग्यात आजवर आपण ताम्रपट वाचले, नाणी पाहिली, गडांच्या दरवाजांवरची शिल्पे ओळखायला शिकलो. आज आपल्यासमोर जी वस्तू ठेवते आहे ती माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे. एक छोटा गळ, थोडी काळी लोकर, मोरपिसाचा एक तंतू आणि तांबड्या कोंबड्याच्या मानेचे एक पीस, एवढाच तिचा संसार. ती मी स्वतः बांधली आहे. बऱ्यापैकी ओबडधोबड आहे. तिच्यापूर्वी बांधलेल्या सहा तर दाखवण्याच्याही लायकीच्या नाहीत.

इंग्रजीत हिला 'फ्लाय' म्हणतात. मी सरळ 'माशी' म्हणते. नदीतले कित्येक मासे पाण्यावर उतरणारे किडे खातात. परंतु तो खरा किडा इतका नाजूक असतो की गळाला टोचला की त्याचे काहीच उरत नाही. मग माणसाने गळालाच किड्याचे सोंग दिले. लोकर म्हणजे पोट, पीस म्हणजे पंख आणि पाय. ज्याला आज लोक छंद म्हणतात, त्या कामाचा हा मूळ विचार.

या विचाराचा एक अतिशय जुना लेखी पुरावा इलियन या रोमन लेखकाकडे सापडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीवर त्याने प्राण्यांविषयी ग्रीक भाषेत एक मोठा ग्रंथ लिहिला. मॅसिडोनियात बेरिया आणि थेस्सलनायकी या नगरांच्या मधून वाहणाऱ्या ॲस्ट्रीअस नावाच्या नदीत ठिपकेदार अंगाचे मासे असतात, आणि तिथले लोक त्यांना कसे फसवतात, हे तो सांगतो. गळाभोवती लाल लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवायची. मेणाचा हा रंग लक्षात ठेवावा. पुढे एका वेगळ्याच पक्ष्याच्या निमित्ताने मेणाची आठवण पुन्हा निघणार आहे.

माझा या विषयाशी संबंध आला तो मात्र इलियनमुळे नव्हे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला छापील पुस्तकाच्या आरंभकाळावर एक दीर्घ निबंध लिहायचा होता. मी 1496 साली वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेले 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' निवडले. ससाण्यांची शिकार, मृगया, कुलचिन्हे असे सरदारी विषय त्यात आहेत, आणि त्यांच्यातच गळाने मासे धरण्याविषयीचे एक प्रकरण आहे. हे प्रकरण परंपरेने ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर सांगितले जाते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. मुद्रक शेवटी एक मासलेवाईक कारण देतो. हे प्रकरण वेगळी छोटी पुस्तिका म्हणून छापले असते तर ते आळशी लोकांच्या हाती पडले असते आणि त्यांनी सगळे मासे संपवले असते. म्हणून ते मोठ्या, महागड्या ग्रंथात घातले आहे. पुस्तकाची जाडी हेच त्याचे कुलूप! छपाईमुळे ज्ञान सर्वांना खुले झाले, असे आपण परीक्षेत सर्रास लिहितो. ते लिहिताना या मुद्रकाचीही आठवण ठेवावी.

या प्रकरणात मार्च ते ऑगस्ट या महिन्यांसाठी बारा माश्या दिल्या आहेत. प्रत्येक माशीला एक-दोन ओळी. त्यांपैकी मे महिन्यातल्या एकीचे नाव 'काळी उडी मारणारी' असे काहीसे होते. तिचे वर्णन एवढेच: अंग काळ्या लोकरीचे, त्याभोवती मोराच्या शेपटीचा तंतू वेढलेला, पंख खच्ची केलेल्या तांबड्या कोंबड्याचे, निळ्या डोक्यासह.

हे 'निळे डोके' कोणाचे? कोंबड्याचे की माशीचे? वाक्यरचनेवरून दोन्ही अर्थ निघतात. मी तळटीप लिहिली: 'अर्थ संदिग्ध.' माझ्या मार्गदर्शकांनी ती वाचून पेन्सिलीने समासात लिहिले, "बांधून पाहिले का?" त्यांनी ते थट्टेने लिहिले असावे. मी ते गंभीरपणे घेतले.

आता साहित्याची जमवाजमव. ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी जरा तपशिलाने सांगते, कारण सुरुवातीला माझे सगळे पैसे चुकीच्या ठिकाणी गेले. परदेशी रिळे, चकचकीत तारा, रंगवलेली पिसे यांपैकी काहीही लागत नाही. साडीच्या फॉलला वापरतात तो बारीक दोरा पुरतो; शिवणयंत्राचा नेहमीचा दोरा जाड पडतो आणि माशीचे डोके हरभऱ्याएवढे होते. दोऱ्याला मधमाशांचे मेण चोळून घ्यावे, म्हणजे तो निसटत नाही आणि लोकर त्याला चिकटते. काळ्या लोकरीसाठी मी आजोबांच्या फाटक्या घोंगडीची कड उसवली. ती लोकर मेंढीच्या अंगावरच काळी होती, तिला रंग लावलेला नाही. 1496 च्या वाचकाकडेही बहुधा अशीच असणार. मोरपीस देवघरात होते, गोकुळाष्टमीला आणलेले. तांबड्या गावठी कोंबड्याची मानेची पिसे गावच्या जत्रेनंतर हवी तेवढी मिळाली. खच्ची केलेला कोंबडा मिळणे शक्य नव्हते. ती तडजोड करावी लागली. गळ सर्वात लहान नको. आठ किंवा दहा क्रमांकाचा घ्यावा, म्हणजे बोटांना काहीतरी धरायला मिळते. त्याचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. आपल्या बोटासाठीही आणि माशासाठीही.

गळ पकडायला लोक छोटा व्हाइस वापरतात. जुन्या बाजारात मला एक मिळाला. पण तो मी मुद्दाम बाजूला ठेवला, कारण चार्ल्स कॉटन हा लेखक 1676 साली, आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाला जोडलेल्या भागात, गळ डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरायला सांगतो. निदान एक माशी तरी तशी बांधावी, असे ठरवले. पहिल्या दिवशी गळ तीनदा अंगठ्यात रुतला.

कृती अशी. दोरा गळाच्या दांड्यावर पुढून मागे गुंडाळत न्यायचा, म्हणजे पुढच्या सगळ्या गोष्टींना पाया मिळतो. मागच्या टोकाशी मोरपिसाचा तंतू बांधून लोंबता ठेवायचा. मग मेण लावलेल्या दोऱ्यावर लोकरीचे अगदी थोडे तंतू चिमटीत पिळायचे. किती थोडे, हे सांगून पटत नाही. जितके पुरेसे वाटतात त्याच्या निम्मे घ्यावेत आणि त्यांतूनही निम्मे टाकून द्यावेत. हा लोकरीचा दोरा पुढे गुंडाळत आणला की पोट तयार. मग तो लोंबता तंतू पोटावरून मोकळ्या वेढ्यांनी पुढे आणायचा. शेवटी कोंबड्याचे पीस टोकाकडून बांधून दोन-तीन वेढे द्यायचे, म्हणजे त्याचे केस पायांसारखे पसरतात. मग डोक्याशी दोरा गुंडाळून तीन-चार अर्ध्या गाठी. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे पुढे जागाच न ठेवणे. पोट, पीस, डोके यांची गर्दी नेढ्यापर्यंत येते आणि मग दोरी ओवायला भोकच उरत नाही. माझ्या पहिल्या चार माश्या अशाच आंधळ्या निघाल्या.

पण खरी अडचण मोरपिसाने केली. त्याचा तंतू वेढताना तुटतो. दुसऱ्या वेढ्याला तुटतो, नाहीतर माशाच्या पहिल्या चाव्याला तुटेल इतका कच्चा राहतो. पुस्तकात फक्त 'वेढलेला' एवढेच क्रियापद आहे. त्या एका शब्दावर मी तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी तंतूला बांधण्याच्या दोऱ्याबरोबरच पीळ दिला आणि दोघांना एकत्र वेढले, तेव्हा तो टिकला. ज्याने ती ओळ लिहिली त्याला हे ठाऊक असणारच. ज्यांच्यासाठी लिहिली त्यांनाही ठाऊक असणार. म्हणूनच ते कुणी लिहिले नाही. अभिलेखागारात बसून आपण 'साधन मूक आहे' असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते मूक नसते. सर्वांना माहीत असलेली गोष्ट तेवढी ते सांगत नसते.

निळ्या डोक्याचे कोडेही थोडे सुटले. ऑगस्टच्या माशीच्या वर्णनात पंख काळ्या बदकाच्या पिसांचे सांगून पुढे 'काळ्या डोक्यासह' म्हटले आहे. बदक आधीच काळे म्हटल्यावर त्याचे डोके काळे असल्याचे वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय बांधताना डोके हा भाग सर्वात शेवटी येतो, आणि दोन्ही ओळींत तो शेवटीच आला आहे. तेव्हा हे माशीचेच डोके, शेवटच्या दोऱ्याचा रंग. मी निळा दोरा वापरला. पुरावा निर्णायक नाही, हे मान्य. पण तळटीप आता दोन ओळींची झाली आहे.

त्याच यादीतला आणखी एक शब्द सांगण्याचा मोह होतो. बदकाच्या पिसांसाठी मूळ मजकुरात 'मेल' असा शब्द येतो. वाचणारा तो सहज 'नर' असा घेतो. परंतु ससाणे पाळणाऱ्यांच्या बोलीत चिलखताच्या कड्यांसाठी असलेला हाच उच्चार पक्ष्याच्या छातीवरच्या ठिपकेदार पिसांना लावत असत, आणि ससाण्यांचे प्रकरण याच ग्रंथात काही पाने अलीकडे आहे. बदकाच्या छातीचे पीस हातात घेऊन पाहावे. ते खरोखरच कड्यांच्या चिलखतासारखे दिसते.

आता आजोबा.

आजोबांचे घर भोर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात आहे. वय एकोणऐंशी. आयुष्यभर शेती आणि मोकळ्या वेळात गळ. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. तेव्हापासून उजवा हात थरथरतो, आणि त्यांनी गळ टाकणे सोडून दिले. माझी माशी पाहून ते हसले. "पोरी, माशाला गांडूळ द्यायचं सोडून कोंबडीची पिसं खायला घालतेस?" मग त्यांनी गळ उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, "याला भोक कशाला पाडलंय?"

मी क्षणभर गप्प झाले. पंधराव्या शतकातल्या गळांना नेढे नव्हते. त्या प्रकरणात सुया तापवून, वाकवून, पाणी देऊन घरीच गळ कसे करावेत ते सांगितले आहे, आणि त्यांना घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी थेट दांड्यावर बांधत. ट्राउटसाठी नऊ केसांची, सामनसाठी पंधरा केसांची, असे मापही दिले आहे. नेढ्याचे गळ सर्रास मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे मी ज्या गळावर 1496 ची माशी बांधली, तो गळच त्या काळाशी बेइमान होता. हे मला कोणत्याही संदर्भग्रंथाने सांगितले नव्हते असे नाही. मी ते वाचले होते, तेव्हा हाताला ते कळले नव्हते.

"तुम्ही बिनभोकाचा बांधता?"

"भोकाचे गळ आत्ता आले. आमच्याकडं चपट्या बुडाचे असायचे. डबा आण तो वरचा."

तो पत्र्याचा डबा कधी काळी बिस्किटांचा होता. त्यात शिशाचे तुकडे, एक मोडकी पकड, दोऱ्याच्या गुंडाळ्या, दांड्याचे टोक ठोकून चपटे केलेले वीस-पंचवीस गळ आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेले एक पीस होते. त्या पिसाकडे थोड्या वेळाने येते.

आजोबांनी गळ घेतला आणि बांधायला सुरुवात केली. दोरा दांड्यावर आडवा धरला, पण बोटे थरथरत होती, वेढा बसेना. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब." पुन्हा सुटला. मग मी विचारले, "नुसतं सांगा, मी करते." आणि इथे एक विलक्षण गोष्ट झाली. त्यांना सांगता येईना. साठ वर्षे बांधलेली गाठ त्यांना शब्दांत माहीतच नव्हती. "असं घ्यायचं, मग असं, मग ते आपोआप येतं," एवढेच. शेवटी त्यांनी माझी बोटे आपल्या बोटांत धरली आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर हात कमी अडखळला. दोऱ्याचा एक फास दांड्याबरोबर खाली सोडायचा, उरलेल्या टोकाने दांडा आणि दोरा दोघांना मिळून खालून वर सहा-सात वेढे द्यायचे, टोक फासातून काढायचे आणि दोन्हीकडून ओढायचे. ओढल्यावर वेढे एकमेकांना असे चिकटून बसतात की चपट्या टोकावरून दोर निसटूच शकत नाही. मी ते त्या रात्री अकरा वेळा केले. मोबाईलवर त्यांच्या हातांचे चित्रणही केले, पण ते पाहून मला काही नीट कळत नाही. मला कळते ते बोटांना जे कळले तेच.

गळावरचे इंग्रजी प्रकरण घेऊन मी आठ महिने बसले होते, आणि त्या प्रकरणात जे लिहिलेले नाही ते आमच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात होते. त्यांची गाठ आणि इंग्लंडातली गाठ एकच, असा माझा दावा नाही. बिननेढ्याच्या गळाला दोर बांधायचा तर हाताला थोडेच मार्ग असतात, आणि माणसे दूरदूरच्या ठिकाणी त्याच मार्गांनी जातात, एवढेच म्हणायचे आहे. आणि गळाचा विनोद म्हणून विचार करणारे लेखन आपल्याकडेही त्याहून जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' असे प्रकरण आहे; माशांचे प्रकार, काठी, दोरी आणि आमिषांचे गोळे यांची त्यात चर्चा आहे. कांडताना ओवी गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या उल्लेखासाठी आपण हा ग्रंथ नेहमी उघडतो. पुढच्या वेळी आणखी काही पाने उलटून पाहावीत.

आता ते पीस.

बोटभर लांब, काळसर, आणि टोकाकडे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके. ठिपक्यांना हात लावला तर ते पिसासारखे लागत नाहीत. कुणी वितळलेल्या मेणाचे थेंब टाकून गुळगुळीत केल्यासारखे लागतात. हे रानकोंबड्याच्या मानेचे पीस. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, ज्याच्या शास्त्रीय नावात सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचे नाव आहे. पहाटे घाटात ज्याचा तुटक आवाज ऐकू येतो, पण जो सहसा दिसत नाही, तो.

मी ते पाहताक्षणी ओळखले, आणि रानात नव्हे तर पुस्तकात पाहिलेले म्हणून ओळखले. मासेमारीच्या इंग्रजी पुस्तकांत 'जंगल कॉक' या नावाने त्याची चित्रे पानापानांवर असतात.

पंधराव्या शतकातल्या बारा माश्यांचे साहित्य एखाद्या इंग्रज खेड्याच्या परिसरातले आहे: लोकर, कोंबडा, बदक, तितर, घार जातीचा पक्षी. दूरचा असा फक्त मोर, तोही सरदारांच्या बागांतून तोवर रुळलेला. मात्र एकोणिसाव्या शतकात सामन माशासाठी बांधलेल्या माश्या पाहिल्या तर डोळे दिपतात. 'जॉक स्कॉट' ही त्यांतली सर्वात प्रसिद्ध. तिच्या एका गळावर दक्षिण अमेरिकेतला टूकन आणि मकाव, आफ्रिकेचा शहामृग आणि चित्तूर-कोंबडी, चीनचा सोनेरी फेझंट, टर्की, आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे आपल्या रानकोंबड्याचे एकेक पीस. तिच्यात 'इंडियन क्रो' नावाचेही एक पीस लागते; तो पक्षी भारतातलाही नाही आणि कावळाही नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. लंडनच्या गोदीवर जे जे उतरत होते ते ते त्या गळावर चढत होते. 1895 मध्ये जॉर्ज केल्सनने 'द सामन फ्लाय' हे पुस्तक लिहून या पाककृतींना जवळजवळ शास्त्राचे रूप दिले. साम्राज्याचा नकाशा भिंतीवर लावलेला आपण नेहमी पाहतो. इथे तो अडीच इंचांत बांधलेला आहे.

आणि यातली खरी गंमत, गंमत म्हणावी का कळत नाही, ही की सामन समुद्रातून नदीत शिरला की खाणे जवळजवळ बंद करतो. तो माशीवर का झेपावतो याविषयी तर्क आहेत, पण भुकेने नव्हे. म्हणजे या माश्या कोणत्याही किड्याची नक्कल नव्हत्या. एवढे पक्षी ज्या रंगांसाठी मारले गेले ते रंग माशाला हवे होते असे नाही. ते माणसाला हवे होते.

अर्थात पिसांचा मोठा बाजार माशांसाठी नव्हे तर स्त्रियांच्या टोप्यांसाठी होता. त्याविरुद्ध इंग्लंडात 1889 मध्ये एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांना संघटित केले. पुढे त्यातूनच पक्षीसंरक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. हिंदुस्थान सरकारने 1902 साली रानपक्ष्यांची कातडी आणि पिसे बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. ब्रिटनने आयातीवर कायदा केला तो 1921 मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षे उशिरा. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण आहे. मोराच्या आपोआप गळलेल्या शेपटीच्या पिसांना त्या कायद्यात जी सूट आहे, ती मोरापुरतीच.

तरीही मोह संपलेला नाही. जून 2009 मध्ये एडविन रिस्ट नावाचा, लंडनला बासरी शिकणारा एक अमेरिकन तरुण ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात रात्री शिरला आणि पक्ष्यांची 299 कातडी सुटकेसमध्ये भरून घेऊन गेला. त्यांतली काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वतः जमवलेली होती. तो उत्कृष्ट माश्या बांधत असे. त्याने कित्येक कातड्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि पिसे विकली. चिठ्ठी गेली की पक्षी कुठे, कधी, कोणी पकडला हे गेले. उरते ते नुसते पीस. आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा या चोरीतला कोणता भाग मला अधिक लागला ते सांगायला नको. 2011 मध्ये त्याला निलंबित शिक्षा झाली.

हे सगळे वाचून रिस्टला नावे ठेवणे सोपे होते. पण कॅलेंडरच्या कागदातले ते पीस हातात आल्यावर मला पहिल्यांदा काय सुचले, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. मला सुचले ते असे: हे एक पीस उभे चिरले तर जॉक स्कॉटच्या दोन्ही बाजूंना पुरेल. नाहीतरी डब्यात पडूनच आहे. पक्षी मेला असेल तर कधीच मेला आहे. बाकीची पिसे रंगवलेल्या टर्कीची आणि कोंबडीची चालतील, पण ही बाजू खरी असेल. मी रात्री ते उजेडासमोर धरून पंधरा मिनिटे पाहत बसले होते.

सकाळी आजोबांना विचारले, हे कुठून आले. म्हणाले, "देवराईच्या वाटेला पडलेलं होतं. तुझ्या बापाचा जन्म झाला त्या साली. कोंबडं बोलत होतं वर, आणि हे खाली." कशासाठी ठेवले, तर "चांगलं होतं म्हणून." त्यांनी त्या पिसाने कधी मासा धरला नव्हता. धरता येतो हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्या पिसाला चिठ्ठी होती, फक्त ती आजोबांच्या डोक्यात होती.

मी ते तीन वाक्यांत वहीत लिहून घेतले आणि पिसाचे एक रेखाचित्र काढले. मग आम्ही दोघे हळूहळू देवराईच्या कडेपर्यंत गेलो. त्यांच्या हातात काठी होती, माझ्या हातात कागदाची पुडी. ज्या करवंदीच्या जाळीशी ते सापडले होते म्हणे, ती जाळी आता राहिलेली नाही. तिथे दुसरी होती. तिच्या मुळाशी ते ठेवले.

परतताना आजोबांनी विचारले की माझ्या कोंबडीच्या पिसाला मासा लागतो तरी का. घरी येऊन मी त्यांच्याच चपट्या बुडाच्या गळावर, त्यांच्याच गाठीने, 'काळी उडी मारणारी' पुन्हा बांधली. घोंगडीची लोकर, देवघरातले मोरपीस, जत्रेचा कोंबडा, निळे डोके. संध्याकाळी नदीवर गेलो. आजोबा दगडावर बसले. मी वेताच्या काठीने ती माशी संथ पाण्याच्या कडेला टाकत राहिले, पाऊण तास. आधुनिक वाटचाल अशी की तोवर मी दोनदा बाभळीत आणि एकदा स्वतःच्या ओढणीत अडकले होते.

मग पाण्यावर एक छोटा चट्टा उमटला आणि दोर ताणला. बोटभर लांबीचे, चांदीच्या पट्टीसारखे अळकूट. आजोबा उठून उभे राहिले. मी ते ओल्या हाताने सोडवत असताना ते गळ पाहत होते, माशाकडे नव्हे.

"वेढा सुटला नाही," ते म्हणाले. "पण टोक जरा लांब कापलंस. दे इकडं, दाखवतो."